बाळाच्या वाटीत पाणी नको : देवनहळ्ळीतल्या मराठी घरांना तातडीचं आवाहन

देवनहळ्ळी गाव, विजयपुरा, चन्नरायपट्टण, विमानतळाच्या रस्त्यावरचे टॉवर आणि त्या टॉवरांच्या मागे बांधकामासाठी उभ्या राहिलेल्या पत्र्याच्या वस्त्या. इथल्या ज्या ज्या घरात मराठी बोललं जातं, त्या प्रत्येक घरासाठी हे आवाहन आहे. तुमच्या घरात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर हे आजच वाचा. घरात लहान मूल नसेल तरी शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्याकडेही एक मागणं आहे.

आपली लहान मुलं नीट वाढत नाहीत. ती उपाशी असतात असं नाही. दिवसातून चार-पाच वेळा त्यांच्या तोंडात काही ना काही जातं. पण जातं ते काय? वरणावरचं पाणी, भाताची निवळ, पाणी घातलेलं दूध, चहात बुडवलेलं बिस्किट. पोट भरतं, बाळ गप्प बसतं आणि अंगाला मात्र काहीच लागत नाही.

आम्ही काही शेजारणी मिळून इथल्या वस्त्यांवर जातो. एका पत्र्याच्या खोलीत चौदा महिन्यांची एक मुलगी भेटली. आईवडील सोलापूरकडचे, दोघंही साइटवर. बाळाकडे बघायला आठ वर्षांची बहीण. स्टीलच्या पेल्यात निम्मा चहा होता. ताईने त्यात एकामागून एक चार बिस्किटं कुस्करली, बोटाने ढवळली आणि बाळाला भरवली. बाळाने पेला चाटूनपुसून संपवला. दुपारी आई आली तेव्हा म्हणाली, "खाते की ओ ताई, दिवसभर तोंड चालूच असतंय तिचं." आई खोटं बोलत नव्हती. दंडाचा घेर मोजायची पट्टी मुलीच्या दंडाला लावली, तर पट्टीवरची खूण पिवळ्यावर आली. त्या पट्टीवर साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा रंग असतो, साडेअकरा ते साडेबारापर्यंत पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. पिवळा म्हणजे मूल कुपोषणात गेलं आहे. लाल म्हणजे जिवाला धोका आहे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं.

हे फक्त पत्र्याच्या खोलीत घडतं असं समजू नका. बाराव्या मजल्यावरच्या एका अकरा महिन्यांच्या बाळाचं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. या वयात ते निदान अकरा हवं. बाळ गुटगुटीत, घरात कशाची कमी नाही. पण दिवसभरात दुधाच्या चार-पाच बाटल्या, आणि मोबाईलवर गाणं लावून भरवलेली डब्यातली गोड पावडर, एवढाच त्याचा आहार होता.

आकडे सांगते, म्हणजे हे एक-दोन घरांपुरतं नाही हे कळेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची ३५.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली, महाराष्ट्रातली ३५.२ टक्के. म्हणजे गाव सोडून इथे आलो काय किंवा तिथेच राहिलो काय, तीन मुलांमागे एकाची वाढ खुंटलेलीच. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रक्तक्षय कर्नाटकात ६५.५ टक्के, महाराष्ट्रात ६८.९ टक्के. आणि सगळ्यांत वाईट आकडा देशाचा आहे: सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळणारी मुलं फक्त ११.३ टक्के. इतक्या कमी मुलांना पुरेसं मिळत असेल, तर ते केवळ गरिबीमुळे म्हणता येणार नाही. पैसा असलेल्या घरांतही बाळाला काय भरवायचं हे चुकतंय.

घाई का, तेही सांगते. गर्भ राहिल्यापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे जवळपास एक हजार दिवस म्हणजे उंचीची आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होण्याचा काळ. या काळात खुंटलेली उंची पुढे कितीही खाऊ घातलं तरी पूर्णपणे भरून येत नाही. रक्त कमी असलेलं मूल लवकर दमतं, शिकण्यात मागे पडतं, सारखं आजारी पडतं. "मोठं झालं की खाईल", "आमच्या घरात सगळे किरकोळच", "दात येतायत म्हणून खात नाही" असं म्हणत सहा महिने सहज निघून जातात, आणि तेच सहा महिने बाळाला हवे असतात.

पहिल्या सहा महिन्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, तरी तो पाळला जात नाही. जन्मल्यावर तासाभरात अंगावर पाजायला घ्यायचं, चीक फेकायचा नाही, आणि सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीही नाही. पाणी नाही, बाळगुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. बारशाला जिभेवर मधाचं बोट लावायची पद्धत प्रेमाची आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून होणारी विषबाधा जिवावर बेतू शकते. आजीबाईंना हात जोडून विनंती, ते बोट नका लावू. विमानतळावर, कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलींना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, ती पूर्ण घ्या. कामावर परतल्यावर दूध काढून स्वच्छ भांड्यात झाकून ठेवा. बाहेर चार तास, फ्रिजमध्ये एक दिवस ते चांगलं राहतं. बाळाला ते वाटी-चमच्याने पाजा, बाटलीने नको. बाटलीची बुचं नीट स्वच्छ ठेवणं अवघड असतं, आणि जुलाबाची सुरुवात तिथेच होते.

आता सहा महिने पूर्ण झाल्यावरचं. खरी चूक इथे होते, म्हणून इथे जरा थांबते. बाळ आईकडून जे लोह घेऊन जन्माला येतं, ते साधारण सहा महिने पुरतं. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. तेव्हा सहा महिन्यांनंतर लोह अन्नातूनच यायला हवं, आणि ऊर्जाही. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवायचंच, पण त्याच्या जोडीला अन्नातून सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला रोज सुमारे २०० कॅलरी, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला ३००, आणि वर्षाच्या पुढे ५५० कॅलरी लागतात. आणि आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती? जेमतेम पेलाभर. तो पेला वरणाच्या पाण्याने भरला, तर खऱ्या अन्नाला जागाच उरत नाही.

म्हणून भरवण्याआधी चमचा तिरपा करून बघा. चमच्यातलं अन्न ओघळून गेलं तर ते पातळ आहे. चमच्यावर टिकून राहिलं तर बाळाच्या कामाचं आहे. वरणाचं वरचं पाणी देऊ नका, तळातली डाळ घोटून द्या. मऊ भात, डाळ आणि त्यावर चमचाभर तूप किंवा तेल. चहाच्या एका चमचाभर तुपात साधारण ४५ कॅलरी असतात. बाळाच्या आहारात ती फार मोठी भर आहे, म्हणून तूप मोठ्यांच्या पानातलं कमी करा, बाळाच्या वाटीतलं करू नका. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर अर्धी वाटी तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, घरातल्या सगळ्यांबरोबर, पण त्याच्या वेगळ्या वाटीत. वाटी वेगळी असली की किती खाल्लं ते दिसतं. मोठ्यांच्या ताटातून चार घास भरवले तर काहीच कळत नाही.

नाचणीच्या बाबतीत तर आपण फारच सुदैवी आहोत. महाराष्ट्रात नाचणी सत्त्वाशिवाय बाळ मोठं होत नाही, आणि इथे तर आपण नाचणीच्याच मुलखात राहतो. शेजारच्या कन्नड घरात बाळाला रागी सरी भरवतात, ती आपल्या सत्त्वाच्या लापशीची सख्खी बहीण. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. एवढं दुसऱ्या कुठल्याच धान्यात नाही. पण आपण लापशी करतो ती पाण्यासारखी, कारण नाचणी शिजली की गोळा होते आणि बाळाला गिळवत नाही. यावर उपाय म्हैसूरमध्येच शोधला गेला आहे. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या मल्लेशी आणि देसिकाचार यांनी १९८२ मध्ये मोड आणलेली नाचणी आणि मूग यांपासून असा बाळआहार तयार केला, जो भरपूर पीठ घालूनही गुळगुळीत आणि सैल राहतो. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारं विकर तयार होतं, त्याची ही करामत.

घरी हे असं करा. नाचणी रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत वाळवा, मंद आचेवर हलकी भाजा आणि दळून ठेवा. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट लापशी शिजवा, खाली उतरवा, वाफ जरा बसली की मोडाचं चमचाभर पीठ घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत लापशी तुमच्या डोळ्यांदेखत सैल होईल. पुन्हा एक उकळी काढा. पाण्याचा एक थेंब वाढवावा लागत नाही, आणि बाळाला तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त अन्न मिळतं. त्यात मुगाची भाजलेली भरड घाला, शेंगदाण्याचा किंवा तिळाचा बारीक कूट घाला. साखर-गूळ घालू नका. दोन वर्षांपर्यंत वरून गोड घालायची गरज नाही. गूळ साखरेपेक्षा बरा या समजुतीपायी बाळाला रोज गोडाचीच चटक लागते. वर्षाच्या आत मीठही नको.

नुसती नाचणीही पुरत नाही. अंगावरचं दूध, धान्य-कंद, डाळी-दाणे, दूधदही, मांस-मासे, अंडी, पिवळ्या-केशरी आणि हिरव्या भाज्या-फळं, आणि इतर फळं-भाज्या हे आठ गट. रोज यांतले निदान पाच गट बाळाच्या पोटात जायला हवेत. देवनहळ्ळीच्या बाजारात यांतलं काय मिळत नाही? लाल भोपळा आहे, पपई आहे, शेवग्याचा पाला आहे. थंडीत अवरेकाई येते. तिचे दाणे भिजवून साल काढून विकायला असतात, त्यांना इथे हितकबेळे म्हणतात. ते मऊ शिजवून घोटले की वर्षाच्या बाळालाही सहज खाता येतात. तुमच्यात चालत असेल तर सातव्या महिन्यापासून नीट उकडलेलं अंडं कुस्करून द्या. त्याने उष्णता होत नाही, पित्त होत नाही. मांस-मासे खाणाऱ्या घरांनी बाळाला नुसता रस्सा देऊ नये, मांस बारीक वाटून द्यावं. लोह मांसात असतं, रश्श्यात फारसं उतरत नाही. शाकाहारी घरात डाळ-पालेभाजीवर लिंबाचे चार थेंब पिळा, लोह जास्त शोषलं जातं. चहा मात्र बाळाला एक घोटही नको. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. वर्षानंतर वरचं दूधही दिवसाला दोन पेल्यांपेक्षा जास्त नको, नाहीतर बाळ दुधावरच भरतं आणि जेवत नाही. त्या बाराव्या मजल्यावर हेच झालं होतं.

इथली बेंगळूर ब्ल्यू द्राक्षं मुलांना आवडतात, पण अख्खं द्राक्ष, अख्खा शेंगदाणा, फुटाणा लहान मुलाच्या हाती देऊ नका. घशात अडकून श्वास बंद होतो. द्राक्ष उभं चार भाग करून, बिया काढून द्या.

डब्यातल्या पावडरीबद्दल स्पष्ट बोलते. १९९२ च्या आणि २००३ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याने दोन वर्षांखालच्या बाळांसाठीचं डब्यातलं दूध, बाळआहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला बंदी आहे. तुम्हाला कोणी दवाखान्याच्या दारात असा नमुना दिला तर घेऊ नका. एप्रिल २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या पब्लिक आय या संस्थेने उघड केलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये वरून साखर घातलेली होती आणि स्वित्झर्लंडमध्ये ती नव्हती. त्यानंतर सेरेलॅक बनवणाऱ्या नेस्लेने भारतात बिनसाखरेचे प्रकारही आणले. तेव्हा घ्यायचंच असेल तर डब्याच्या मागचं बारीक अक्षरातलं वाचून घ्या. आणि किमतीचा हिशोब करा. एका डब्याच्या पैशांत नाचणी, मूग आणि अंडी किती येतात ते दुकानात उभं राहूनच कळेल.

बाळ आजारी पडलं की आपण अन्न तोडतो, हेही थांबवा. जुलाबात अंगावरचं दूध आणि मऊ खाणं चालूच ठेवायचं. सोबत ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्त. आशाताई लोहाचं औषध देतात, सहा महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर. ते कपाटात पडून राहू देऊ नका.

आता अंगणवाडीचं. टॉवरमधल्या अनेक आयांना वाटतं ती आपल्यासाठी नाही. पत्र्याच्या खोलीतल्या आयांना वाटतं आपलं रेशनकार्ड गावचं आहे, आपल्याला इथे कोण विचारतं. दोघींचाही समज चुकीचा आहे. बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वस्तीच्या अंगणात मुलं जमवून जे सुरू केलं, त्याचंच नाव घेऊन १९७५ पासून सरकारने देशभर ही केंद्रं उभी केली. ती आपलीच आहेत, तिथे जायला लाजू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी शिधा घरी न्यायला मिळतो. मूल तीव्र कुपोषित असेल तर जास्त शिधा. आणि वस्तीजवळ अंगणवाडीच नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी सांगितलं आहे की सहा वर्षांखालची ४० मुलं असलेल्या वस्तीने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. इथल्या काही वस्त्यांत ४० मुलं आरामात निघतील. कामाच्या जागेचाही नियम मुकादमांना, ठेकेदारांना माहीत असतो. ज्या कामावर पन्नासहून अधिक बायका आहेत, तिथे मुलांसाठी पाळणाघराची खोली हवी ही तरतूद १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच केली होती. आठ वर्षांच्या बहिणीची शाळा बुडवून बाळ सांभाळायला लावणं हा पाळणाघराला पर्याय नव्हे.

अडचण भाषेची आहे. आई मराठी बोलते, अंगणवाडीच्या ताई कन्नड बोलतात. वजन लिहिलं जातं, पण ते कमी का आणि पुढे काय करायचं हे आईपर्यंत पोहोचत नाही. ती मान डोलावते, घरी येते आणि पुन्हा चहा-बिस्किट. तुम्ही इथे दहा-पंधरा वर्षं राहिलात, बाजारात, बसमध्ये, ऑफिसात कन्नड बोलता. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच: या आठवड्यात एक सकाळ काढा. तुमच्या टॉवरमागच्या वस्तीतल्या एका आईला आणि तिच्या बाळाला घेऊन जवळच्या अंगणवाडीत जा. "मगुविन तूक नोडी," बाळाचं वजन बघा, एवढं म्हणालात तरी पुढचं बोलणं सुरू होतं. ताई काय सांगतात ते आईला मराठीत सांगा, आणि आईचं म्हणणं ताईंना कन्नडमध्ये. बाळाची नोंद झाली का, दंडाची पट्टी लागली का, शिधा मिळाला का, तेवढं पाहूनच परत या. पुढच्या महिन्यात पुन्हा जा, वजन वाढलं का ते बघायला.

आणि ज्यांच्या घरात असं बाळ आहे, त्यांनी आज रात्रीच्या डाळीतली तळची वाटीभर डाळ बाळासाठी वेगळी काढा, भाताबरोबर घोटा, वर चमचाभर तूप घाला आणि मोबाईल बंद करून त्याच्यासमोर बसून भरवा.